बिनमोरचुदाची खळ

बाई, त्या वर्षी गावात झेंडूचं एक फूल नव्हतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते, आणि लातूरजवळच्या मुरुडच्या पुढच्या आमच्या लहानशा गावातली निम्मी माणसं सकाळी उठून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. दुष्काळाची पाहणी करायला मोठे साहेब येणार, शाळेतही डोकावणार, म्हणून हेडमास्तरांनी तुम्हाला सांगितलं, दार सजवा, फुलं नसतील तर कागदाची करा. तुम्ही आमच्या शिवणाच्या आणि हस्तकलेच्या बाई, किनवटच्या जंगलाकडच्या, शाळेमागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. तुम्ही तोरण केलं नाही. बांबूची कामटी वाकवून गाडीच्या चाकाएवढं कडं बांधलंत आणि म्हणालात, ह्याच्यावर आपण पानगळ करू. आमच्यातल्या एकीनंही जंगल पाहिलं नव्हतं. साग आधी कसा पिवळा पडतो, मग तांबूस होतो, त्याचं वाळकं पान पायाखाली पापडासारखं कसं मोडतं, हे तुम्ही कात्री चालवता चालवता सांगायचात. पान मधोमध दुमडायचं, कात्रीच्या पाठीनं शिरा ओढायच्या, मग ते कागदावरून उठून उभं राहतं. हेडमास्तर दारातून म्हणाले, "वाळकी पानं कशाला, बाई? साहेबाला दुष्काळ दाखवायचाय का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दुष्काळच बघायला येऊन राहिलेत ना, सर." आम्ही पोरी तोंडावर हात धरून हसलो होतो.

दुपारी शाळेत सरकारी सुकडी खायला मिळायची. पोरी ताटल्या घेऊन ओळीनं बसायच्या आणि मी वर्गातच पानं कापत राहायची. आमचं घर एके काळी दावणीला देवणी बैलांच्या जोड्या असलेलं. त्या वर्षी दावण रिकामी होती, पण वडील म्हणायचे, "आपलं देनारं घर हाय. हात पसरायचा न्हाई." आई रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची पातळ आंबील पाजून मला बजावायची, कुनी इचारलं तर उपास हाय म्हनायचं. आम्ही महादेवाचे, सोमवार कडक पाळणारे, त्यामुळं ते खपून जायचं. सुकडी का घेत नाहीस, असं तुम्ही एकदा विचारलंत, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलंत, आणि मग माझ्याजवळ बसून हळूच म्हणालात, "तुझ्या आठवड्यात सोमवार किती गं?" माझ्या हातातलं पान कापता कापता त्याचं देठच तुटलं.

चिकटवायची खळ तुम्ही तुमच्या स्टोव्हवर शिजवायचात. गव्हाचं पीठ पाण्यात कालवून, दाट होईपर्यंत ढवळत. निवली की त्यात मोरचूद पडायचं. ते निळं विष घातलं म्हणजे कागदाला उंदीर-झुरळ लागत नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं. त्या दुपारी पातेलं माझ्यापुढं ठेवून तुम्ही ऑफिसात गेलात. वाफ येतेय. शिजलेल्या गव्हाचा वास येतोय. मी एक बोट चाटते, नीट शिजलीय का बघायला, असं स्वतःला सांगते. मग दोन बोटं. मग ओंजळच. तुम्ही दारात येऊन उभ्या राहिलात तेव्हा पातेलं निम्मं झालं होतं. "मोरचूद घातलं होतं का मी?" तुम्ही स्वतःलाच विचारलंत. मग माझा दंड धरून, "निळी दिसत होती का गं? बोल की! निळी होती का?" माझं तोंड भरलेलं होतं, बोलता येईना. तुम्ही मला ओढत व्हरांड्यात नेलंत, मिठाचं पाणी पाजलंत, घशात बोटं घातलीत. पोरी बाहेर धावत आल्या. पोटातून पांढरी खळ बाहेर पडली. नुसती खळ. तिच्याबरोबर अन्नाचा एक कण नव्हता, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. एक जण ओरडली, "बाई, हिनं खळ खाल्ली!" "पित्त झालंय तिला! जावा आत!" तुम्ही तिच्यावर खेकसलात. मग पदरानं माझं तोंड पुसलंत. मला मात्र वाटत होतं, निळी असती तर बरं झालं असतं.

पुढच्या दिवसापासून तुम्ही खळ जास्त करायला लागलात. थोडी वाटीत काढून, त्यात गूळ कालवून माझ्यापुढं ठेवायचात. "शिजली का बघ बरं. माझ्या जिभेला कळत न्हाई." मी भिंतीकडे तोंड करून खायची, तुम्ही खिडकीकडे तोंड करून पानांच्या देठांना तार गुंडाळायचात. मोरचुदाची पुडी तुम्ही खोलीमागं खड्डा करून पुरून टाकलीत. आणि साहेब येणार त्या सकाळी वर्ग उघडला तर कामटीला देठं लोंबत होती, खाली रंगीत चुरा पडला होता. उंदरांचाही तो दुष्काळच होता. हेडमास्तरांनी आम्हा सगळ्यांपुढं तुम्हाला उभं केलं. "मोरचूद आणून दिलं होतं ना? कुठं गेलं?"

"विसरले, सर."

"पोरींची मेहनत मातीत घातली तुम्ही. मोठ्यानं सांगा त्यांना."

"विसरले," तुम्ही मोठ्यानं म्हणालात. तुम्ही सगळ्या ओळीकडे पाहिलंत, फक्त मी उभी होते तेवढी जागा सोडून. मी खाली वाकून रंगीत चुरा गोळा करत राहिले. साहेबाची जीप धूळ उडवत शाळेवरून निघून गेली, थांबलीसुद्धा नाही. उन्हाळ्यानंतर तुमची किनवटला बदली झाली.

पुढं लातूर जिल्हा झाला. तोवर मी लग्न होऊन लातुरात आले होते. कमानी उभ्या राहिल्या, आमच्या दुकानावरही झेंडूच्या माळा चढल्या. त्याच सुमारास शेजारी एक शिक्षिका भाड्यानं राहायला आली, किनवटच्या वसतिगृहातून. तिच्याकडून कळलं, तुम्ही काविळीनं गेलात. "लई इचित्र बाई," ती म्हणाली. "पोरींना खळ करायला शिकवायच्या, पन मोरचुदाला हात लावू द्यायच्या न्हाईत. वर खळीत गूळ घालायच्या, बोला! का म्हून इचारलं तर सांगायच्या न्हाईत." ती हसली. तिच्याबरोबर मीही हसले, बाई, आणि तिच्या कपात चहा ओतला.

परवा लेकीच्या सोसायटीत बायका जमून असंच कडं करत होत्या, दाराला लावायला. तयार गोंद, तयार रंगीत कागद. माझा हात बघून सगळ्यांनी विचारलं, कुठं शिकलात? मी तुमच्याबद्दल सांगितलं, आणि पुढं म्हटलं, "आमच्या वर्गात एक पोरगी होती, लई गरीब, तिनं एकदा खळच खाल्ली." मुलं लहान असताना ताटात अन्न टाकायची तेव्हाही मी त्या पोरीचीच गोष्ट सांगायची. परवा लेकीनं विचारलं, "मग तिचं पुढं काय झालं गं, आई?" "कुणास ठाऊक," मी म्हटलं. "शाळा सोडून गेली असेल." तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत. मी सगळ्यांना सांगितलं, आणि ते असं.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि घरात ठेवायची हिंमत नाही. लेक वाचेल. बाई, वर ते पातेल्याचं लिहिताना मी आधी 'ती' असं लिहिलं होतं. मग खोडून 'मी' केलं.