आबांना विचारून

परळ, मुंबई
ता. ४ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप अण्णा व आई यांच्या चरणी वनमालेचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्रास कारण की,

आम्ही सुखरूप पोचलो. बार्शीच्या छोट्या गाडीत आबांनी खिडकी धरली ती कुर्डुवाडीपर्यंत सोडली नाही. वाटेत दिसलेल्या प्रत्येक कळपाच्या धनगराची त्यांनी चूक काढली. समोरच्या बाईंनी मला हळूच विचारलं, हे साहेब मेंढ्यांच्या खात्यात आहेत का. मी हो म्हटलं.

आता कामाचं. जिभेच्या डाव्या कडेचं दुखणं कॅन्सरचंच आहे. पण ते लहान आहे, गळ्याला गाठ नाही आणि जिभेचा थोडा भाग कापून उपाय होण्यासारखा आहे. तिकडच्या डॉक्टरांनी ऐंशी वय ऐकूनच हात झटकले होते. इथल्या मोठ्या डॉक्टरांनी वयाचा आकडा बाजूला ठेवला आणि आबा दिवसभर काय करतात ते विचारलं. आबांनी पहाटेच्या धारेपासून सगळं सांगितलं. मग डॉक्टरांनी त्यांना जिना चढून यायला लावलं. आबा वर जाऊन खाली आले आणि म्हणाले, वर तर काहीच न्हाय, साहेबांचं काय हरवलं व्हतं?

सगळे हसले, पण लगेच डॉक्टरांना जबड्याखालचा ताजा डाग दिसला. आबा मला म्हणाले होते की गळ्याभोवती गुंडाळलेल्या फेट्याच्या शेमल्याखाली घामोळं आलंय. खरं असं की निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सिदूमामाकडून तापल्या सळईनं डागून घेतलं. मेंढराचं तोंड सुजलं की डाग देतात, तसंच. तिथे आता पू झाला आहे आणि तो भरेपर्यंत कुठलाच इलाज सुरू होणार नाही. मी दोघांवरही फार चिडले आहे. मामाला तसं सांगावं.

आपली
वनमाला

*

भूम
ता. १२ ऑगस्ट १९६१

चिरंजीव वनमालेस अण्णांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कचेरीतच मिळालं. कुलूप लावून झाल्यावर तिथल्याच बाकावर बसून दोनदा वाचलं. सिदूला सांगितलं. तो तेव्हापासून रानात मेंढरांमागंच आहे, जेवायलाही घरी येत नाही. तुझी आई म्हणते, भाऊ माझा असला तरी सळई आता त्यालाच लावते.

बाई, तू शिकलीस, तुळजापुरात मुलींना शिकवतेस, आमचा ऊर भरून येतो. पण आम्हाला पत्रातून वर्गातल्यासारखं उभं करू नकोस. डाग भरला की आबांना घेऊन ये. वस्तीवर सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. ह्या वयात माणसाची जीभ कापायची, मग त्यानं खायचं काय आणि बोलायचं काय? कळपातल्या म्हाताऱ्या मेंढीला आपण औषध पाजत बसत नाही, हे आबांनीच मला शिकवलं. त्यांनी आपल्या माणसांत डोळे मिटावेत. मी त्यांचा थोरला मुलगा आहे आणि माझी कापायला मंजुरी नाही.

आबा दूध घेतात का ते लिही. तूही जेवत जा. मागच्या सुट्टीत आलीस तेव्हा हाडं मोजून घ्यावीत अशी होतीस.

तुझा
अण्णा

*

परळ, मुंबई
ता. २६ ऑगस्ट १९६१

तीर्थरूप अण्णांस वनमालेचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी खिशात घेऊनच डॉक्टरांसमोर बसले होते. डाग भरला आहे, आता ठरवायचं होतं. मी उत्तर तयार करूनच गेले होते. वडिलांचा नकार आहे, पण मी त्यांची समजूत काढीन, वगैरे. मी चार वाक्यं बोलले असेन, तेवढ्यात डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं आणि खुर्ची आबांकडे वळवली. आबा भिंतीशी उकिडवे बसून आमच्या दोघांकडे बाजार बघावा तसे बघत होते.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, दोन वाटा आहेत. एक, जिभेचा तेवढा भाग कापून काढायचा. दुसरी, रेडियमच्या बारीक सुया आठवडाभर जिभेत ठेवायच्या. त्यांच्या तेजानं रोग जळतो आणि जीभ राहते, पण तोंड दीडदोन महिने फार सोलवटतं. आणि काहीच न करता घरी जाण्याची वाटही मोकळी आहे. मग विचारलं, बाबा, तुमचं काय राहिलं पाहिजे?

अण्णा, हे आपण कोणीच त्यांना विचारलं नव्हतं. तुम्ही नाही, मी नाही. आपण दोघं पत्रांतून भांडत होतो आणि ते तिथेच बसलेले होते.

आबा सरकत डॉक्टरांच्या खुर्चीजवळ आले. मग म्हणाले, भाकरी न्हाय मिळाली तर आंबील पिईन. पर माजी हाक ऱ्हायली पायजे. हाक गेली तर मेंढरं माजी ऱ्हात न्हाईत, आन मग मी हाय तरी कशाला. नंतर त्यांनी सुयांचं पुन्हा समजून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ह्यो डागच की गं, निसता आतनं. सिदू बाहिरनं देत व्हता, म्हनून लागला न्हाय.

सुयांच्या कागदावर त्यांनी स्वतः अंगठा दिला. म्हाताऱ्या मेंढीचं मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अंबादासला सांग, म्या मेंढी न्हाय.

उरलेले दात आधी काढावे लागले. एकाबद्दलही तक्रार नाही, मात्र तंबाखूची चंची माझ्याकडे दिल्यापासून माझ्याशी बोलणं कमी केलंय. राग नसावा.

तुमची
वनमाला

*

परळ, मुंबई
ता. २२ सप्टेंबर १९६१

अंबादासास आन हरणाबाईस लिंबाजीचा आशीर्वाद.

ही पोर लिहितीया, म्या सांगतुया. बोलनं अजून बोबडं हाय, तिला दोन-दोनदा इचारावं लागतं. तिला बी कळू दे, मास्तरणीला कसं वाटतं एखाद्याचं कळंना झालं की.

सुया निघाल्या. आठ दिस जिभंत व्हत्या, दोरे गालाला चिकटवलेले. सुयांचं तेज लागतं म्हनून जवळ कुनी बसायचं न्हाय, बोलायचं न्हाय. नर्सबाई दारातनं हात हालवायच्या, मी बी हालवायचो. जळजळ लई झाली. खोटं सांगत न्हाय, एक दिस वाटलं, सुया उपटाव्या आन गाडी धरावी. मग वनी दारात येऊन हुबी ऱ्हायली आन तिकडनं मेंढरांची नावं म्हनाय लागली, येक येक. निम्मी चुकली. चूक दुरुस्त कराय तोंड उघडंना, त्या रागात दिस गेला.

शेजारच्या खाटंवर मुरुमचे ईरण्णा हायेत, माज्याच वयाचे, गालाचं दुखनं. त्यांची पोरं म्हनत्यात, अप्पाला आता तरास नको. मी त्यांना म्हनलं, पोरांना काय इचारता, दुखनं तुमचं. ते कानडीत कायतरी बोलले, मला कळलं न्हाय. पर दुसऱ्या दिशी जिना चढून आले.

सिदूला रानातनं घरी बोलवा. म्हनावं, डाग तू चुकीच्या जागी दिलास, बाकी हात चांगला हाय.

लिंबाजी, वनीच्या हातानं

*

भूम
ता. १४ नोव्हेंबर १९६१

चिरंजीव वनमालेस अण्णांचे आशीर्वाद. आई तुझी आठवण काढते.

तू शाळेत परत रुजू झालीस हे बरं झालं, मुली वाट पाहत असतील. मुंबईच्या डॉक्टरांचं कार्ड आलं. तपासणीत जीभ स्वच्छ आढळली, पुन्हा तीन महिन्यांनी दाखवायचं आहे. तेव्हा मी स्वतः रजा टाकून नेणार आहे. आबांना विचारलं, ते चला म्हणाले.

तुला खरं ऐकायचं असेल ते हाकेचं. आल्यावर पहिले काही दिवस त्यांनी हाक दिलीच नाही. आंबील प्यायचे आणि ओट्यावर बसून राहायचे. मागच्या आठवड्यात ते उठले आणि सिदूबरोबर माळावर गेले, मीही मागं गेलो. त्यांनी हाक मारली. वने, ती पूर्वीची नव्हती. जीभ टाळूला लागून शेवटी जी थरथर यायची ती आली नाही. नुसता लांब, जाडा आवाज निघाला. एकाही मेंढीनं मान वर केली नाही. मला तिथं उभं राहवेना.

आबांनी धोतराचा सोगा खोचला आणि पुन्हा मारली. परत मारली. घसा बसेपर्यंत तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मग रोजच. काल दुपारी एका कोकराच्या आईनं मान उचलली, मग दुसरीनं, आणि मग सगळा कळप खडखडत उतारावरून खाली आला. पण पलीकडं सिदूचा कळप चरत होता. त्यालाही ही नवी हाक एवढ्या दिवसांत ऐकून ऐकून पाठ झालेली. तोही आला. दोन्ही कळप एकमेकांत मिसळले, एडके भिडले, सिदू कपाळाला हात लावून बसला.

वेगळे करता करता संध्याकाळ झाली. आबा दगडावर बसून कोणती कोणाची ते सांगत होते, आणि सिदूनं चुकीची धरली की शिव्या देत होते. एकेक शब्द स्पष्ट कळत होता. सिदू म्हणाला, दाजी, बोबडं बोलत होते तेच बरं होतं.

नाताळच्या सुट्टीत ये. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा
अण्णा