क्लच नसलेली गाडी

महानगर, लखनौ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रणिता,

जूनपासून तुला धड काही लिहिलेलं नाही, आणि फोनवर जे दोन-चार शब्द बोलले त्यांना बोलणं म्हणवत नाही. माफ कर. ‘कामात होते’ असं लिहिणार होते, पण ते खोटं ठरलं असतं. संस्थेतून दोन महिने मी रजेवरच होते. त्याचं कारण सांगते, पण आधी गाडीचं लिहिते, कारण ते लिहिणं सोपं आहे. आम्ही रोजच्या वापरासाठी नवी गाडी घेतोय. अट एकच होती, तिला क्लच नको. अशी एखादी गाडी मला मनापासून चालवावीशी वाटली तर मी चालवणार, नाहीतर चंद्रहास ड्रायव्हर ठेवणार. त्याने माणूससुद्धा बघून ठेवला होता. ‘मागे बसायचं, पेपर वाचत जायचं, राणीसारखं,’ हे आमच्या नवऱ्याचं म्हणणं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली तरी त्याला अजून वाटतं, की गाडी ही कुठेतरी पोचण्यासाठी असते.

तू म्हणशील, घरी जुनी हेराल्ड गाडी उभी असलेल्या बाईला दुसरी कुठली गाडी आवडणार? मलाही तीच भीती होती. आपल्या दोघींपेक्षा वयाने मोठी, पावसात काचांच्या कडांतून ठिबकणारी, मेमध्ये तापून रुसणारी ती बया चालवून माझी जीभ बिघडली आहे की काय, असं वाटायचं. शोरूममधली माणसं विचारत होती, घरात माणसं किती, सनरूफ हवं का, रोजचं रनिंग किती. मी बघत होते ते वेगळंच. सीटवर बसून बॉनेटचे कोपरे दिसतात का? काचेच्या बाजूचे खांब इतके जाड तर नाहीत ना, की अख्खी ई-रिक्शा त्यांच्याआड लपेल? खालचा रस्ता स्टिअरिंगमधून हाताला कळतो का? चंद्रहास म्हणाला, ‘बाजारात लोक भेंडी मोडून बघतात, तशी तू गाड्या बघतेस.’ बरोबर आहे. भेंडी मोडून न बघता मी कधी घेतली नाही.

पण प्रश्न फक्त मजेचा नव्हता, हेही मी स्वतःला बजावत होते. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लागतात. इथल्या कपूरथळ्याच्या बाजारात स्कूटर लावायची मारामार, तिथे गाडी लावायची. संस्थेच्या फाटकातला गतिरोधक म्हणजे लहानशी टेकडी. गोमती नगरचे रस्ते रुंद आहेत, पण तिथे पाऊस झाला की कुठे किती पाणी आहे हे आत शिरल्यावरच कळतं. म्हणजे गाडी हवी छोटी, थोडी उंच, काचा मोठ्या असलेली, आणि तरी चालवताना माणसाला जागं ठेवणारी. ‘सगळेच गुण एकीत शोधायला निघालीस, तर तुझी गाडी आणि हिमानीचा नवरा एकाच वर्षी मिळतील,’ इति चंद्रहास. हिमानी आता एकोणीस वर्षांची आहे. तिने मान वर न करता उत्तर दिलं, ‘पापा, मुझे इसमें मत घसीटो.’

पहिली गाडी उंच आणि भलीमोठी. तीत बसल्यावर गच्चीवरून मिरवणूक बघितल्यासारखं वाटलं. शेजारी सगळे तीच घेतात. ती मी फाटकातूनच परत केली.

दुसरी होती छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल हॅचबॅक. शोरूमचे शुक्लाजी शेजारी, हिमानी मागे. गोमती नगरात एका सिग्नलला थांबलो आणि इंजिन बंद पडलं. प्रणिता, मी एक क्षणही विचार केला नाही. हँडब्रेक ओढला, दार उघडलं, बाहेर उतरले आणि पुढच्या चाकाशी वाकून बॉनेटच्या बाजूची खिटी चाचपू लागले. हेराल्डची तिथे असते ना, दोन्ही बाजूंना, ती सोडली की अख्खं नाक पुढे कलतं. इथे खिटी कुठली? नुसता गुळगुळीत पत्रा. मागे हॉर्न सुरू झाले. शुक्लाजी खिडकीतून डोकं काढून सांगतायत, ‘मैडम, गाड़ी बंद नहीं हुई है, आराम कर रही है! ब्रेक छोड़िए, अपने आप उठ जाएगी.’ सिग्नलला पेट्रोल वाचावं म्हणून नव्या गाड्या स्वतःहून इंजिन बंद करतात, हे मला वाचून माहीत होतं. पण हाताला कुठे माहीत होतं? हिमानी सीटखाली शिरायच्या बेतात होती. ‘आई, बैठ जाओ यार, वो बसवाला वीडियो बना रहा है.’ मीही हसले. शुक्लाजी तर इतके हसले, की त्यांनी आपणहून शोरूमवर समोसे मागवले.

हसता हसताच मला दुसरी एक गोष्ट जाणवली होती, ती त्या दिवशी कोणाला बोलले नाही. परत येताना गाडीने वेग घेतला, इंजिनचा आवाज चढू लागला, की माझा डावा पाय आपोआप हलायचा. क्लच शोधायचा. आवाज चढला की पाय जागा होणार, ही त्याची सत्तावीस वर्षांची सवय. फक्त आता तो जागा होऊनही वर उठत नाही.

तर हे कारण. जुलैमध्ये माझं कमरेचं ऑपरेशन झालं. दोन मणक्यांमधली चकती सरकून डाव्या पायाची शीर दाबली गेली होती. तुला कळवलं नाही, कारण तू पहिल्या गाडीने आली असतीस, आणि तुझ्या आवाजात काळजी ऐकली असती तर मी तेव्हाच ड्रायव्हरला हो म्हटलं असतं. हे कारण मी स्वतःला देते. ते पूर्ण खरं आहे का, याची खात्री नाही. कदाचित तुझ्यासमोर लंगडायचं नव्हतं, इतकंच असेल. दुखणं गेलं. चालते, शिकवते, जिना चढते. पण डावं पाऊल पुढून पूर्ण उचललं जात नाही, आणि तळव्याला पेडल किती दाबलं गेलंय ते कळत नाही. डॉक्टर म्हणाले, सुधारणा व्हायची तेवढी पुढच्या काही महिन्यांत होईल, उरलेलं आपलं म्हणायचं. उजवा पाय ठणठणीत आहे, दोन पेडलांची गाडी खुशाल चालवा.

तिसरी गाडी विजेची. तिच्याकडे मी नाक मुरडूनच गेले होते. आपल्यासारख्यांनी विजेची गाडी घ्यायची म्हणजे काय, असा एक फुकटचा ताठा असतो ना, तो. छोटी, चौकोनी, भिंगरीसारखी वळणारी. निशातगंजच्या पुलावर चढताना पाय जरा दाबला, तर ती अशी उसळली की चंद्रहासने डोक्यावर सरकवलेला चष्मा मागे गेला. ‘अगं, हळू!’ हे त्याच्या तोंडून मी फार दिवसांनी ऐकलं आणि फार बरं वाटलं. पुलावरून उतरल्यावर लक्षात आलं, की माझा डावा पाय पूर्ण वेळ शांत पडून होता. इंजिनच नाही, चढणारा आवाज नाही, म्हणून त्याला कोणी हाक मारली नव्हती. खालून टायर आणि रस्ता ऐकू येत होता, कुठे खडी, कुठे डांबर गुळगुळीत. दुसरी गाडी हेराल्डची नक्कल करत होती आणि पदोपदी आठवण देत होती. ही मुळात त्या वाटेलाच जात नाही. म्हणून हीच घेतली. पुढच्या आठवड्यात येईल. ड्रायव्हरला नाही म्हणून कळवलं. चंद्रहासने फक्त इतकंच विचारलं, ‘आणि मग हेराल्ड?’ मी म्हटलं, बघू.

हेराल्डचं आता लिहिते. हे घरात कोणाला माहीत नाही. सप्टेंबरमध्ये एका दुपारी घरी कोणी नव्हतं, तेव्हा मी ती काढून बघितली. चालू एका झटक्यात झाली. पहिला गिअर पडला. क्लच सोडताना तो कुठे धरतो, ते पायाला कळलं नाही, पाऊल पेडलवरून घसरलं आणि गाडी उडी मारून फाटकाबाहेर. समोर भाजीचा ठेला. सब्जीवाल्याने ‘अरे मैडम!’ म्हणत ठेला मागे खेचला, गाडी बंद पडून थांबली. कोणाला काही झालं नाही. चार टोमॅटो सांडले, ते मी उचलून दिले. त्यालाच हाताशी धरून गाडी ढकलून आत नेली. त्यानंतर ती बाहेर काढलेली नाही. झाकून ठेवली आहे. म्हणजे रोजची नवी गाडी ठरली म्हणून मी सुटले असं नाही. गाडी चालवणं वाचलं, हेराल्ड चालवणं गेलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला नीट लिहून काढल्याशिवाय पटत नव्हतं.

गेल्या बुधवारी तू फोनवर विचारलंस, ‘जानेवारीचं तिकीट काढू ना?’ आणि मी ‘थांब जरा’ म्हणाले. ते ‘थांब’ सांगायलाच हे पत्र आहे. दर जानेवारीत तू कोल्हापूरहून येतेस, जुन्या गाड्यांचा ताफा मलिहाबादच्या आमराईपर्यंत जातो, मी चालवते आणि तू डावीकडे पाण्याची बाटली आणि संत्री घेऊन बसतेस. तू म्हणतेस, डावीकडेच बरं, डुलकी काढता येते. ते खरं असेल असं मी धरून चालले, तुला चालवायची आहे का, हे कधी विचारलं नाही. या वर्षी तिकीट काढ, पण डुलकीसाठी नको. हेराल्ड तू चालव. चंद्रहास चालवेल, पण तो तिला फक्त मलिहाबादला पोचवेल. हिमानीला अजून परवाना नाही. जुन्या गाड्यांच्या क्लबातले दोघे-तिघे ‘हम चला देंगे’ म्हणतील, आणि मला त्यांच्या शेजारी बसवणार नाही. तुझ्या शेजारी बसवेल. दुसरा गिअर रुसका आहे, ते मी सांगेन. संत्री मी सोलेन. तुला नको असेल तर सरळ नाही म्हण, माझ्या पायाकडे बघून हो म्हणू नकोस. ‘हो’ आलं तर मी ती झाकलेली गाडी उघडेन, असं लिहिणार होते, पण ते तुला अडवल्यासारखं होईल. म्हणून उत्तराची वाट न बघता मी उद्याच उघडते.

तुझीच,
विनया

उद्याचं काम: हेराल्डची चालकाची सीट पुढे सरकवणे, तुझे पाय पोचतील इतकी.