कोकमाचे मणी

६ मे
आज परत वाट लागली. कोकमाच्या रसाचे थेंब समुद्री शेवाळाच्या डिंकाच्या पाण्यात सोडायचे, भोवती साल धरते, लाल मणी तयार. तयार कसले, चमच्यात घेतले की लिबलिबीत. शेजारच्या टेबलावरचा फिलिप म्हणाला, साबुदाणा जास्त शिजलाय. लॅबच्या मॅडमनी तर मुदतच घातली. मणी जठराच्या आंबटात टिकायला हवा, आतड्यात उघडायला हवा. शनिवारपर्यंत नाही जमलं तर कोकम बंद, हळदीचे मणी सुरू.
मला कोकमच हवंय. आईसाठी.

७ मे
रेडिएशनपासून आईचं तोंड सोललंय. आंबट लागलं की डोळ्यांत पाणी. रोज दूधभात. जन्म गेला बाईचा सोलकढीवर. काल शेजारून कढीचा वास आला तर भिंतीकडे तोंड करून झोपली.
डॉक्टरांना मण्यांचं विचारलं. घरी, खाण्याच्याच वस्तूंनी केलेत तर हरकत नाही म्हणाले.

९ मे
सापडलं! बाटली पुसताना बोट चाटलं (लॅबमध्ये! मॅ.नी बघितलं नाही). खारट. अगं गाढवे, हे आगळ आहे! मामाला नुसतं रस पाठव म्हटलेलं, आणि मालवणचा माणूस मिठाशिवाय रस भरून ठेवेल? मलाही विचारायचं सुचलं नाही, घरात खारटच बघितलाय. त्या मिठानेच साल सैल पडत होती. मामा म्हणे, बिनमिठाचो कित्याक, कुसवूचो आसा? शेवटी बोरिवलीच्या बाजारातून ताजे रातांबे आणले आणि बिनमिठाचा रस मीच काढला.

१० मे, शनि.
आंबट पाण्याच्या ग्लासात मणी तसाच्या तसा. जरा गुलाबी झाक, बस. मग दुसऱ्या ग्लासात, आतड्यासारख्या पाण्यात. बराच वेळ काही नाही. मग एक धागा सुटला, आणि बाहेर पडता पडता लाल चक्क जांभळा झाला.
का होतो ते मला माहितीय, आंबटपणा गेला की कोकमाचा रंग बदलतो, शिकलेय. तरी अंगावर काटा आला. एवढासा थेंब, त्याला कळतं, इथे नाही, पुढे गेल्यावर. फिलिपने फोन खाली ठेवला. मॅ. म्हणाल्या, परत करून दाखव. परत तस्संच झालं. हळद राहिली बाजूला. मला रडू यायला लागलं, काय मूर्खपणा.

११ मे
चारकोपला, घरच्या ओट्यावर केले. आईच्या तळहातावर एक ठेवला. खिडकीकडे धरून बघत बसली. "रातांब्याचो रंग गो." मग जिभेवर.
झोंबलं नाही. मी तोंडाकडे बघतेय. झोंबलं नाही!
म्हटलं, आता गिळ. गिळेना.
"फुटाक नाय तो."
फुटणारच नाही आई, तसाच केलाय, आत जाऊन उघडेल.
"मगे माका कळतला कसा?"
तिने मणी गालात सरकवला, डोळे मिटले.
"थांब जरा. आंबटाण येतली."
अजून बसलीय तशीच. मीही.