हरीच्या हातातला दोर

तीर्थरूप आईस, पुण्यातनं जोतीराम तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

फोन करावा तर खोलीत हरी समोर असतो, म्हणून लिहितोय. मी बरा हाय. झाडं कापायचं नवं मशीन आलंय, लय हलकं. पिकअपचा क्लचपण बदलला.

आमचं काम तुला ठावं हाय. मी झाडावर आणि माझ्या कमरेचा दोर खाली हरीच्या हातात. बारा वर्सं असंच चाललं. पण निवडणुकीत दिल्लीच्या सरकारवरनं आमची गाडीतच जुंपली. मी त्याला विकलेला म्हणालो, तो मला देशद्रोही म्हणाला. तवापासनं बोलणं न्हाई. मी माफी मागाय गेलो, तर उठून भाईर गेला.

तू घोर लावून घेऊ नको. आता मी दोर पिकअपच्या हुकाला बांधतो. दर फांदीला उतरून सैल करावा लागतो, येवढंच. गाडी काय दोर सोडत न्हाई. फक्त फांदी अंगावर येताना "जोत्या, सांभाळ" म्हणून वरडत न्हाई.

तुझा गुडघा कसा हाय? हरीची आई अजून ताकाला येते न्हवं? तिनं इचारलं तर सांग, जोत्याचा दोर हरीच्याच हातात असतो.

तुझा,
जोतीराम