मी ‘इतर’ नाही

धाकटा भाऊ फिनेआसी यास थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. देवाची कृपा, इकडे वावाऊ बेटावर सगळं ठीक आहे, माझा गुडघा सोडून. तुझी खोकल्याची ढास गेली का? बायकोला म्हणावं, तंबाखू लपव.

आता कामाचं. तुझ्या लेकीच्या, लोसालिनेच्या लग्नाला कागदाची पत्रिका नाही, फोनवर फॉर्म भरा, हे डोकं कुणाचं? तुझ्या त्या नुकुअलोफाच्या शहरी व्याह्यांचं, दुसऱ्या कुणाचं असणार! चौथीत शाळा सुटलेल्या बाईला या वयात परीक्षेला बसवलं. माझ्या सेईनीनं फोन धरला, मी सांगत गेले. (मुलगी माझीच, पण फोन हातात आला की मास्तरीण होते.) नाव घालून झालं. पुढे ‘वधूशी नातं’. बोट लावलं की यादी उघडते. तीत आई, वडील, भाऊ, बहीण, मैत्रीण, कचेरीतले वरिष्ठ आणि तळाला ‘इतर’. आत्या कुठाय? सेईनी म्हणते, “आई, इतर टाक नि मोकळी हो.” मी इतर? जिचं नाव मी ठेवलं, जिच्या लग्नात आत्या पुढच्या चटईवर बसल्याशिवाय पाद्रीसुद्धा घसा खाकरणार नाही, तिची मी इतर? कागद असता तर समासात उभं-आडवं लिहिलं असतं. इथे समासच नाही! रकाना रिकामा ठेवला की लाल होतो आणि वाटेत लोळलेल्या डुकरिणीसारखा पुढे जाऊ देत नाही.

शेवटी मी विचार केला, जी आली की सगळे उठतात, जेवणात पहिला वाटा जिचा, जिला विचारल्याशिवाय पान हलत नाही, ती कोण? कचेरीतले वरिष्ठ! दाबलं. तर उत्तर आलं, टेबल चौदा, खांबामागे, लोसालिनेच्या बँकेतल्या साहेबाशेजारी. (भेटीच्या रकान्यात नुसती दुकानाची कुपनं. आठ महिने विणलेली माझी चटई कुठे कोंबू?)

तेव्हा स्पष्ट सांगते. पुढची जागा आणि आत्याच्या मानाचा केकचा वरचा मजला माझा नसेल, तर मी येत नाही.

तुझी थोरली बहीण,
उनालोतो

ता. क. फॉर्म गेला की नाही कळेना, म्हणून शेवटचं बटण नऊदा दाबलं. आता नऊ उनालोतो येणार असं तिकडे लागलंय म्हणे. खोडू नकोस. माझ्याबरोबर चर्चमधल्या आठ बायका आहेत.

आणखी एक. येत नाही म्हटलं ते खोटं. हे बोटीवरच लिहितेय, चटईच्या गुंडाळीवर बसून. धक्क्यावर उतरले की पत्र तुझ्या हातात देईन. आपल्या रीतीत बहिणीनं भावाला तोंडावर असं बोलू नये, म्हणून लिहिलं. वाचून झालं की काही बोलू नकोस, गुंडाळीचं एक टोक उचल. आणि लग्नात ही चटई सगळ्यांच्या पुढे तू स्वतः अंथर. भावानं अंथरलेल्या चटईवरून बहिणीला उठवणारा फॉर्म अजून निघायचाय.