लिफ्ट चालू ठेवून केबल तपासण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
रुग्णालय कार्यालय.

विषय : भरलेली लिफ्ट. ताईला न चालणारे इंजेक्शन. एकमेकांना मेलेले धरणारे दोन सर्व्हर. सैल केबल. बुधवार.

संदर्भ : माझ्या प्रत्येक तक्रारीवरील आपला शेरा, ‘दोष आढळला नाही’.

महोदय,

१. मी आपल्या संगणक कक्षात तंत्रज्ञ आहे. रुग्णांच्या नोंदी दोन सर्व्हर मिळून सांभाळतात. एक तळघरात, शस्त्रक्रियागृहासाठी. दुसरा चौथ्या मजल्यावर, वॉर्डांसाठी. दोघांना जोडणारी केबल लिफ्टच्या भिंतीतून जाते. स्ट्रेचर घेऊन लिफ्ट निघाली की भिंत थरथरते आणि जोडणी सुटते. लिफ्ट थांबली की आपोआप जुळते. तेवढ्या वेळात प्रत्येक सर्व्हर दुसरा मेला असे धरून एकटाच कारभार हाकतो. पुन्हा गाठ पडली की तळघरातला थोरला ठरतो आणि वरच्याने मधल्या काळात लिहिलेले पुसले जाते.

२. रक्तगट आणि न चालणारी औषधे यांची शेवटची नोंद रुग्ण खाटेवरून हलल्यावरच करायची, अशी आपल्याकडे वॉर्डांत पद्धत आहे. म्हणजे नेमकी लिफ्ट चालू असताना.

३. शस्त्रक्रियेला आणलेल्या गवंडीकाकांच्या वेळी खालच्या पडद्यावर ‘औषधांचा त्रास : नाही’ असे उमटले. सुई टोचणार इतक्यात त्यांच्या पत्नी, काकू, दारातून ओरडल्या, ‘‘अहो थांबा, त्या इंजेक्शनाने हे मागे मरता मरता वाचलेत!’’ म्हणून निभावले.

४. अभियंते तपासणीला येतात तेव्हा त्यांच्या सुरक्षिततेसाठी नियमानुसार लिफ्ट बंद केली जाते. बंद लिफ्टशेजारी केबल शहाण्या मुलासारखी वागते. हे मी निदर्शनास आणले असता मुख्य अभियंता म्हणाले, ‘‘लिफ्ट चालू ठेवून आमचा कपाळमोक्ष करायचाय का?’’ लिफ्टमनला मात्र पटले. ‘‘दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबतो, तसलं आहे हे,’’ असे तो म्हणाला.

५. बुधवारी माझ्या थोरल्या बहिणीची शस्त्रक्रिया आहे. तिलाही तेच इंजेक्शन चालत नाही. मी भूलतज्ज्ञांना भेटलो. ते म्हणाले, ‘‘तोंडी सांगितलेलं धरायचं नाही, असा अधीक्षकांचा आदेश आहे. पडद्यावर येईल तेच खरं.’’ ताई म्हणते, ‘‘गाढवा, जगाची यंत्रं दुरुस्त करतोस आणि माझ्या वेळेला तोंड का असं पाडून बसलास?’’ तिला मी काही सांगितलेले नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवले.

६. सबब नम्र विनंती की, लिफ्ट भरून व चालू ठेवून तपासणी व्हावी. वजन म्हणून आत मी उभा राहीन. ते न जमल्यास ताई खाटेवर असतानाच शेवटची नोंद करू द्यावी. तेही नियमात बसत नसल्यास लिफ्ट बंद ठेवून तिला पाठुंगळी घेऊन जिन्याने उतरण्याची मला परवानगी मिळावी. माझी पाठ मजबूत आहे. तेही नसेल तर तिच्या कपाळावर औषधाचे नाव लिहू द्यावे. शाई मी आणीन. फक्त ते तोंडी धरू नये.



आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
तंत्रज्ञ, संगणक कक्ष
सोमवार

सोबत : जोडणी तुटल्याच्या आणि लिफ्टच्या फेऱ्यांच्या वेळा, शेजारीशेजारी मांडून.

ता. क. : काकू ओरडल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पहारेकरी असतो. नातेवाइकांना तिथे उभे राहू देत नाहीत.