हरकत नसल्याची एक्केचाळीस पत्रं

आमगाव,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप दादा यांस,

दुर्गेश्वरीचा वाकून नमस्कार (पाठ साथ देते तेवढाच वाकून). तुझा गुडघा कसा आहे? नागपुरात जिने फार, जपून चढ. (मायन्यात ‘यांस’ आणि मजकुरात ‘तू’, हे आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लाल शाईने खोडलं असतं.) दोन महिने तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे स्पीड पोस्टाने. न उघडता परत करायचं तर पोस्टमनशी बोलावं लागेल, आणि हल्ली तू कोणाशीच बोलत नाहीस असं वहिनी सांगत होती.

तर, सोमवारी माझं लग्न आहे. निदान असायला हवं. मांडव नको, बँड नको, एकसष्टाव्या वर्षी हळद तर नकोच, असं मी आणि योगराजांनी ठरवलं. (योगराज म्हणजे बियाण्यांच्या दुकानाचे. विधुर आहेत, दुपारी झोपतात, बाकी दोष नाही.) गोंदियाला विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस दिली. ती तीस दिवस फलकावर लागते, आणि कोणाची हरकत असेल तर त्याने तिथे लेखी द्यायची. फलकावर माझं नाव पाहून मला दहावीच्या निकालासारखी धडधड झाली. (तेव्हा तू सायकलच्या दांडीवर बसवून निकाल बघायला नेलं होतंस, आणि माझा नंबर माझ्याआधी तुला सापडला होता.)

पण ती नोटीस आमच्या शेजारच्या सुशिलाबाईंनीही वाचली. आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. शेताचा फेरफार असो की विहिरीची परवानगी, नोटीस लागली की शेजारी तलाठ्याकडे जाऊन ‘हरकत नाही’ लिहून देतात, आणि जो देत नाही त्याच्या मनात काळं आहे असं समजतात. सुशिलाबाईंना वाटलं, बाई महिनाभर फलकावर लटकलेली आणि आपण गप्प, हे बरं दिसत नाही. त्यांनी घरोघर फिरून माणसं जमवली, टेम्पो केला आणि चाळीस पत्रं नेऊन दिली. मजकूर मात्र जुन्याच कागदावरून उतरवलेला. एकाने लिहिलं होतं, ‘सदर दुर्गेश्वरीबाई योगराज यांच्या कब्जात गेल्यास आमची हरकत नाही. चतु:सीमा: पूर्वेस सुशिलाबाईंचं घर, पश्चिमेस कालवा.’

कार्यालयातले बाबू खुशाल यांच्याकडे नोटिशीवर आलेल्या कागदांसाठी एकच रजिस्टर, हरकतींचं. त्यांनी सगळे त्यात चढवले. मंगळवारी आम्ही वेळ ठरवायला गेलो, तर ते आदराने उभेच राहिले. “मॅडम, आपके खिलाफ एकतालीस हरकती आहेत. इतक्या या ऑफिसला आजवर आल्या नाहीत.” योगराज मटकन बाकावर बसले आणि हळूच विचारू लागले की तरुणपणातलं काही सांगायचं राहिलंय का. मी आठवून पाहिलं. काहीच निघेना, याचं मला जरा वाईटच वाटलं.

लग्न लावणारे विवाह अधिकारी साहेब पत्रं वाचत बसले. ‘हरकत नसल्याने हरकत निकाली’ असा शेरा त्यांनी चाळीस वेळा लिहिला. मध्येच सुशिलाबाई आत शिरल्या. “काऊन जी साहेब, हो म्हणून लिहून देलो तरी तुमाले समजून नाही राहिलं का?” त्यांना मोठ्या मिनतवारीने बाहेर बसवलं.

एक्केचाळिसावं पत्र मात्र खऱ्या हरकतीचं निघालं. कोणीतरी कळवलं होतं की वधू अत्यंत भोळी असून तिचा होकार हा होकार समजू नये. आता मनाच्या अवस्थेची शंका कायद्यात बसते म्हणे. म्हणून साहेबांनी मला वार विचारला, तालुका विचारला, सतराचा पाढा विचारला. (तीस वर्षं मुलांना शिकवलाय, मी एकोणिसाचाही म्हणून दाखवला.) वर कोणता ते दाखवा म्हणाले, तर मी इतक्या जोरात बोट दाखवलं की खुशालबाबूंचा चष्मा उडाला. साहेब हसले, पण नियम तो नियम. हरकत घेणाऱ्याने ती स्वतः मागे घ्यावी, नाहीतर रीतसर चौकशी, आणि तीत महिना जाणार. तोवर दुकानात धानाच्या बियाण्याची गर्दी सुरू होईल आणि योगराज थेट दिवाळीलाच मोकळे होतील. दादा, मी एकसष्ट वर्षं थांबले, पण आता दिवाळीपर्यंत थांबवत नाही.

वहिनीला नमस्कार. गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
दुर्गी

ता.क. त्या पत्राखाली तुझी सही आहे. साहेबांनी विचारलं, हे ईश्वरदास कोण? मी म्हटलं, बाबा गेल्यापासून माझ्या प्रगतीपुस्तकावर सही करणारे. मग त्यांनी तो कागद जरा हळू हाताने फाईलला लावला.

आणखी ता.क. सोमवारी अकरा वाजता ये. हरकत मागे घ्यायला तुलाच यावं लागतं. साक्षीदार तीन लागतात, दोन नावं भरली आहेत. तिसरी ओळ मी रिकामी ठेवली आहे, पण सुशिलाबाईंचा तिच्यावर डोळा आहे, तेव्हा उशीर करू नकोस.

शेवटचा ता.क. मी भोळी आहे, हे तू खरं तेच लिहिलंस. योगराजही रोज तेच म्हणतात. तरी सोमवारी साडेदहालाच पोचतो म्हणालेत.